आयोवाचे दहा आठवडे आणि इंग्रजीतली पंधरा पानं

आयोवाला जायचं तर तयारी इंग्रजीतल्या दहा-पंधरा पानांपासून सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, थंडीचे कपडे हे सगळं नंतर. ती पानं धड नसतील तर पुढचं काही घडत नाही, आणि चुकून घडलंच तर तिथे पोहोचल्यावर दहा आठवडे तीच अडचण पावलोपावली आडवी येते. म्हणून इथे पानांबद्दल जास्त आणि विमानाबद्दल कमी लिहिलं आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘आयडब्ल्यूपी’. १९६७ साली कवी पॉल एंगल आणि चिनी कादंबरीकार न्ये ह्वालिंग यांनी तो सुरू केला. त्याच विद्यापीठात १९३६ पासून ‘रायटर्स वर्कशॉप’ आहे. एंगल यांनी तो वर्ग दोन दशकांहून जास्त काळ सांभाळला होता. या दोन गोष्टींची आपल्याकडे कायम गल्लत होते. वर्कशॉप म्हणजे दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. त्याला अर्ज करायचा, फी आणि शिष्यवृत्ती बघायची. आयडब्ल्यूपी म्हणजे जगभरातल्या, आधीच पुस्तकं आलेल्या लेखकांचा मुक्काम. तिथे वर्ग नाहीत, परीक्षा नाही, शेवटी प्रमाणपत्राची भेंडोळी नाही. ‘आयोवाला शिकून आले’ असं एखाद्याच्या परिचयात छापलं असेल तर तो नेमका कुठे होता ते विचारावं.

आजवर दीडशेहून जास्त देशांतले दीड हजारांहून जास्त लेखक तिथे राहून गेले. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक १९८५ मध्ये होते, चिनी कादंबरीकार मो यान २००४ मध्ये. मराठीतून दिलीप चित्रे १९७५ मध्ये गेले आणि १९७७ पर्यंत राहिले. आता एवढा लांब मुक्काम कुणाला मिळत नाही. ऑगस्ट संपता संपता पोहोचायचं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघायचं, असे साधारण दहा आठवडे. एरवी तीस-पस्तीस लेखक असत. अलीकडे संख्या कमी झाली आहे, आणि त्याचं कारण पैशात आहे.

इथे थेट अर्ज करता येत नाही. ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी लोकांना पटत नाही. अर्जाचा फॉर्म शोधत बसतात, सापडत नाही, मग विद्यापीठाला मेल करतात. लेखकाचं नाव सुचवावं लागतं. पूर्वापार बहुतेक नावं त्या त्या देशातल्या अमेरिकन दूतावासाकडून जात, उरलेली सांस्कृतिक संस्था किंवा प्रतिष्ठानांकडून. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मुंबईचा वाणिज्य दूतावास आणि त्यातला सांस्कृतिक व्यवहार बघणारा विभाग. नावं सुचवण्याचं काम आदल्या हिवाळ्यात होतं. म्हणजे पुढच्या ऑगस्टला जायचं असेल तर दिवाळी संपायच्या आत कागद तयार हवेत. निवडीच्या अटी दोनच, पण नेमक्या: निदान एक पुस्तक प्रकाशित असावं किंवा गेली दोन वर्षं तरी लेखन चांगल्या नियतकालिकांत येत असावं, आणि तिथल्या मुक्कामाचा फायदा घेता येईल एवढं इंग्रजी यावं.

पैसा कुणाचा हा प्रश्न पहिल्याच मेलमध्ये विचारावा, संकोच करू नये. २०२५च्या फेब्रुवारीअखेर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने या कार्यक्रमाची अनुदानं रद्द केली. किशोरवयीन लेखकांसाठीचा उन्हाळी कार्यक्रम आणि ऑनलाइन अभ्यासक्रम त्यात बंद पडले. लेखकांचा मुख्य मुक्काम चालू राहिला, पण आकसला. त्यामुळे निवड झाली म्हणजे तिकीट, राहणं, खाणं, विमा सगळं आपोआप आलं असं आता गृहीत धरता येत नाही. निमंत्रणाच्या पत्रात चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या आहेत का ते पाहायचं: विमानभाडं कोण देणार, खोली कोण देणार, रोजच्या खर्चाची रक्कम किती आणि कोणत्या तारखेला, आणि विमा कुणाचा. यातलं एखादं गाळलेलं असेल तर ते खिशातून जाणार असं समजावं.

आता ती पानं. दहा ते पंधरा पानांचा इंग्रजी नमुना मागतात. दोन ओळींत जागा सोडून टाइप केलं तर पानावर अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, म्हणजे सगळे मिळून अडीच ते साडेचार हजार. मराठी मजकूर इंग्रजीत गेला की शब्दसंख्येत साधारण सव्वा ते दीडपट होतो. कारण साधं आहे. आपले विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यांचे प्रत्येकी सुटे शब्द होतात. ‘घरातल्यांनाही’ हा आपला एक शब्द, त्याचे तिकडे सहज पाच-सहा होतात. तेव्हा मराठीतले अडीच हजार शब्द निवडले की नमुना भरतो. चार हजारांची कथा निवडून मग इंग्रजीत कात्री चालवली की कथेचा शेवट लंगडा होतो, आणि हा घोळ नेहमीचा आहे.

कवींनी आठ-दहा कविता द्याव्यात. एकच दीर्घकविता दिली आणि ती वाचणाऱ्याला लागली नाही तर दुसरी संधी नाही. कादंबरीकारांनी मधलाच तुकडा देताना वर पाच ओळींत आधी काय झालं ते लिहावं, पण पाचच. दोन पानांचा सारांश लिहिला की वाचणारा सारांशच वाचतो. कथाकारांनी पूर्ण कथा द्यावी.

कोणती कथा निवडायची यावर आमचं मत थोडं कडक आहे. आपल्याकडे जिची चर्चा झाली ती कथा बाहेर जातेच असं नाही. बोलीवर उभी असलेली कथा मराठीत जीव घेते, पण वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद इंग्रजीत नेताना दोनच वाटा दिसतात: सपाट प्रमाण इंग्रजी, नाहीतर कुठल्यातरी परक्या खेड्याची उसनी बोली. दुसरी पहिलीपेक्षा वाईट. बोलीची गंमत ज्या कथेत शब्दांच्या रूपांत कमी आणि वाक्यांच्या चालीत जास्त आहे, ती तरते. आणि ‘त्यांना आपली संस्कृती कळावी’ म्हणून हळदी-कुंकू, मंगळागौर, डोहाळजेवण असं सगळं असलेली कथा पाठवून खाली चौदा तळटिपा देऊ नयेत. तळटीप आली की वाचणारा कथेतून उठतो आणि संग्रहालयात जातो. एखादं जादा विशेषण किंवा अर्धं वाक्य मजकुरातच मुरवलं की पाचातल्या चार तळटिपांची गरज उरत नाही.

भाषांतर कुणी करायचं? लेखकाने स्वतः केलं तर पहिल्या खर्ड्यापुरतं ठीक. पण शेवटचा हात अशा माणसाचा हवा जो इंग्रजी साहित्य रोज वाचतो. इंग्रजी उत्तम बोलणारा भाचा त्यासाठी चालत नाही. त्या माणसाला वेळ द्यायचा: पहिला खर्डा, मग समोरासमोर बसून ओळ न् ओळ, मग दुसरा खर्डा, मग मराठी न येणाऱ्या एकाला वाचायला देऊन त्याला कुठे अडलं त्या जागांवर खुणा, मग तिसरा. याला तीन महिने जातात. भाषांतरकाराचं नाव पहिल्या पानावर, लेखकाच्या नावाखाली हवं, आणि त्याची लेखी संमती हवी, कारण निवड झाल्यावर हाच नमुना कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर चढतो आणि तिथे राहतो. मूळ मराठी प्रकाशकाशी झालेला करार असेल तर भाषांतराचे हक्क कुणाकडे आहेत ते वाचून घ्यावं. करार नसेल, आणि आपल्याकडे पुष्कळदा तो नसतोच, तर प्रकाशकाकडून दोन ओळींची मेल मागवून ठेवावी.

नावाचा घोटाळा यापुढच्या टप्प्यावर होतो. मराठी लेखक पुस्तकावर एका नावाने असतो, पासपोर्टवर दुसऱ्या. टोपणनाव, लग्नानंतरचं आडनाव, मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये जोडलेलं, शिवाय एकाच नावाची रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगं. विद्यापीठ व्हिसासाठी जो डीएस-२०१९ नावाचा कागद पाठवतं त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. तेव्हा निमंत्रण आलं की त्याच दिवशी पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवायची आणि लेखकनाव वेगळ्या ओळीत कळवायचं: छापील कार्यक्रमात हे, सरकारी कागदांत ते. कागद आल्यावर नाव, जन्मतारीख, जन्मगाव, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख एवढं तपासायचं. चूक असेल तर कागद नवा मागवायचा. पेनाने दुरुस्ती चालत नाही.

व्हिसा जे-१, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांवर येणाऱ्या पाहुण्यांचा. क्रम असा: डीएस-२०१९ हातात, मग सेव्हिस या त्यांच्या सरकारी नोंदणीची २२० डॉलर फी (सरकारी प्रायोजित कार्यक्रमांना ती माफ असते, आपलं कुठे बसतं ते विद्यापीठाला विचारावं), मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलर व्हिसाशुल्क, बोटांचे ठसे आणि फोटोची एक तारीख, मुलाखतीची दुसरी. मुंबईत मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात, आणि २०२५च्या जूनपासून जे-१ वाल्यांनाही ती खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. लेखकाच्या भिंतीवर काय काय असतं ते लेखकालाच माहीत. खाती लपवणं किंवा अर्जात गाळणं मात्र अंगाशी येतं. मुलाखतीत तीन वाक्यांत उत्तर तयार हवं: कुठे जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार. साहित्यावर भाषण तिथे कुणी ऐकत नाही.

एक कलम निघण्याआधीच समजून घ्यावं. मुक्कामाचा खर्च अमेरिकन किंवा भारत सरकारच्या पैशातून झाला असेल तर परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच किंवा एल प्रकारचा (म्हणजे मुख्यतः नोकरीचा) व्हिसा वा कायमचं वास्तव्य मागता येत नाही. तशी नोंद डीएस-२०१९ वर आणि पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर असते. पर्यटक व्हिसाला याने अडत नाही. ज्यांना पुढे तिकडे नोकरीचा विचार आहे, किंवा ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि ग्रीन कार्डाचं बोलणं चालू आहे, त्यांना हे कलम महागात पडतं.

सामानाबद्दल थोडक्यात. मुंबईहून शिकागो किंवा दुसऱ्या मोठ्या विमानतळावर उतरून छोट्या विमानाने सीडर रॅपिड्स, तिथून गाडीने आयोवा सिटी तीसेक किलोमीटर. ऑगस्टअखेर तिथे घाम निघतो, ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी होतात, नोव्हेंबरात सकाळी पारा शून्याखाली. जाडा कोट इथून नेऊ नये. बॅगेत चार किलो खातो आणि तिकडच्या वाऱ्याला पुरत नाही. तिथे वापरलेले कपडे स्वस्तात मिळतात. ते चार किलो पुस्तकांना द्यावेत: स्वतःच्या मराठी पुस्तकांच्या सहा-सात प्रती. इतर लेखक एकमेकांना पुस्तकं देतात, भाषा येवो न येवो, आणि तेव्हा रिकाम्या हाताने उभं राहणं वाईट दिसतं. तांदूळ आणि हरभरे मात्र नेऊ नका. खापरा भुंगेरा या धान्य पोखरणाऱ्या किड्याच्या भीतीने भारतातून ते न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, मसाला, चटणीची पूड चालते, पण कस्टम्सच्या फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ याला ‘हो’ म्हणायचं. ‘नाही’ म्हणून नंतर डबा निघाला तर दंड. रोजची औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून. आपलं पॅरासिटामॉल तिकडे असिटामिनोफेन या नावाने विकतात, एवढं लक्षात ठेवलं तरी एक रात्र वाचते. जे-१ साठी विमा सक्तीचा असतो, प्रत्येक आजारामागे किमान १ लाख डॉलरचा. पण त्यात दात धरलेले नसतात, आणि जुनी दुखणी बहुधा वगळलेली असतात. दाढ दुखत असेल तर इथे काढून जा.

आयोवा सिटी पाऊण लाख वस्तीचं गाव. कधीकाळी राज्याची राजधानी होती. सोनेरी घुमटाची जुनी विधानसभा विद्यापीठाच्या मधोमध अजून उभी आहे. युनेस्कोने २००८ मध्ये या शहराला साहित्यनगरी केलं. तो मान मिळालेलं जगातलं ते तिसरं शहर. आयोवा अव्हेन्यूच्या फुटपाथवर लेखकांची वचनं ब्राँझच्या पट्ट्यांत बसवलेली आहेत, लोक त्यांच्यावरून चालत कॉफी प्यायला जातात. कार्यक्रमाचं कार्यालय नॉर्थ क्लिंटन स्ट्रीटवरच्या शॅम्बॉ हाऊस या जुन्या लाकडी घरात. बरीच वर्षं लेखकांना नदीकाठच्या आयोवा हाऊस हॉटेलात उतरवत; आता राहण्याची जागा कोणती ते पत्रात बघावं आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकाची सोय आहे का ते विचारावं. हॉटेलच्या खोलीत दहा आठवडे राहणारा माणूस चौथ्या आठवड्यात सँडविचला विटतो. इलेक्ट्रिक कुकर वापरायची परवानगी आहे का हा प्रश्न पोरकट वाटत असला तरी विचारावा. आगीचा भोंगा वाजला की सगळी इमारत खाली उतरते, आणि फोडणीच्या धुराने तो हमखास वाजतो.

आठवड्याची घडी बरीच वर्षं साधारण अशी चालत आली. सोमवारी विद्यापीठाचा एक वर्ग, त्यात लेखक आळीपाळीने येऊन आपल्या देशाच्या साहित्याबद्दल बोलतात. शुक्रवारी दुपारी गावच्या सार्वजनिक वाचनालयात परिसंवाद, संध्याकाळी शॅम्बॉ हाऊसमध्ये वाचन. रविवारी दुपारी चारला प्रेअरी लाइट्स या पुस्तकाच्या दुकानात वाचन. दुकान १९७८ पासून आहे आणि तिथल्या वाचनाला गावातले लोक खरोखर येतात. शनिवार मात्र फुटबॉलचा, म्हणजे त्यांच्या फुटबॉलचा. विद्यापीठाच्या किनिक स्टेडियममध्ये जवळजवळ सत्तर हजार माणसं मावतात, अख्खं गाव मावेल एवढी. त्या दिवशी खोली मिळत नाही, टॅक्सी मिळत नाही, रस्ते काळ्या-पिवळ्या कपड्यांनी भरतात. कुणी पाहुणे यायचे असतील तर आधी सामन्यांचं वेळापत्रक बघावं.

वाचनाला दहा-बारा मिनिटं मिळतात. इंग्रजी सावकाश वाचलं तर मिनिटाला सव्वाशे शब्द होतात. सुरुवातीला मराठीतून एक मिनिट वाचायचं, लोकांना तो आवाज ऐकायचा असतो. ओळख करून देण्यात अर्धं मिनिट जातं. उरतात हजार ते तेराशे शब्द. म्हणजे नमुन्यातली कथा अख्खी बसत नाही. त्यातला कुठला तुकडा एकटा उभा राहतो ते घरीच ठरवून, घड्याळ लावून, मोठ्याने वाचून बघितलेलं बरं. मराठी माणूस इंग्रजी वाचताना धावतो, हे बहुतेकांचं होतं. उपाय कागदावरच करावा: अक्षर चौदा पॉइंटचं, परिच्छेद तोडलेले, श्वासाच्या जागी तिरकी रेघ. आणि मराठीतून एक मिनिट वाचताना नादाचा भाग घ्यावा. संवाद, याद्या, ओवीसारखी चाल, काहीही, पण माहितीचा परिच्छेद नको. न कळणाऱ्या भाषेत माहिती ऐकण्याइतकं कंटाळवाणं दुसरं काही नाही.

परिसंवादाचे विषय आधी कळतात. तीन-चार लेखक, प्रत्येकी पाच-सात मिनिटांचं लिहिलेलं टिपण, मग प्रश्न. टिपण आधी द्यावं लागतं आणि तेही पुढे संकेतस्थळावर राहतं. आपल्याकडच्या साहित्यसंमेलनी भाषणाची सवय इथे मारक ठरते. ‘मराठी साहित्याची सातशे वर्षांची परंपरा’ अशी सुरुवात केली की ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंत यायला पाच मिनिटं पुरत नाहीत आणि विषयाला हात लागतच नाही. एक उदाहरण, त्यावर एक मुद्दा, एवढंच आठशे शब्दांत बसतं.

खरी मजा भाषांतराच्या कार्यशाळेत. विद्यापीठात साहित्यिक भाषांतराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यातले विद्यार्थी आणि मुक्कामाला आलेले लेखक जोडीने बसून मजकूर इंग्रजीत आणतात. विद्यार्थ्याला मराठी येत असेलच असं नाही, बहुधा नसतंच. तेव्हा लेखकाने कच्चा माल नीट करून न्यायचा. प्रत्येक ओळीखाली तीन ओळी: रोमन लिपीत उच्चार, शब्दाला शब्द असा ओबडधोबड अर्थ, आणि सूर कसला आहे त्याची टीप. तयार, गुळगुळीत इंग्रजी नेऊ नये. ते पाहिलं की विद्यार्थी ते इंग्रजीच घासत बसतो आणि मराठीकडे बघत नाही.

उदाहरणाला चार शब्द घ्या: ‘आई म्हणाली, येते.’ आणि पुढचं वाक्य, ‘गेली.’ शब्दाला शब्द ठेवला तर आई ‘येते’ म्हणाली आणि गेली. खोलीतले सगळे गोंधळतात. मग सांगायचं की आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ते अशुभ. ‘येते’ म्हणजे जाते, पण परत येण्याचा वायदा आत ठेवून. आता ती जर परत येणारच नसेल तर त्या एका क्रियापदात सगळी कथा आहे. ‘परत येईन’ असं नेलं तर तिथल्या कानांना एका गाजलेल्या सिनेमातला यंत्रमानव आठवतो आणि लोक हसतात. नुसतं ‘जाते’ केलं तर वायदा गेला. कुणी सुचवतं की ‘येते’ हेच शब्दशः ठेवा आणि मागे कुठेतरी, दुसऱ्याच एखाद्या निघण्याच्या प्रसंगात, ही रीत वाचकाला दाखवून ठेवा. म्हणजे इलाज त्या वाक्यात नसून चार पानं आधी निघतो. हे कळायला पाऊण तास जातो, आणि तो वाया गेलेला नसतो.

दुसरी हमखास अडणारी जागा म्हणजे ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’. आपल्या निवेदकाचं बाईमाणूस किंवा पुरुष असणं पहिल्याच क्रियापदात उघडं पडतं. इंग्रजीत ते तीन पानं कळत नाही, आणि वाचक भलतंच गृहीत धरून चालतो. तिसरी, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही निघतो’ यात ऐकणारा मागे राहतो, ‘आपण निघू’ यात तोही बरोबर असतो. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द. सुनेला सासरचे ‘आम्ही’ म्हणतात की ‘आपण’, यावर आख्खी कथा उभी असेल तर ती जागा आधीच हेरून ठेवावी. चौथी, नवऱ्याला ‘अहो’, मुलाला ‘अरे’, देवालाही ‘अरे’. अशा जागांची यादी घरून करून नेली तर कार्यशाळेचे दोन-तीन तास चांगले लागतात. नाही नेली तर ‘साडी म्हणजे काय’ यात जातात.

वेळेचा हिशेब जवळजवळ सगळ्यांचा चुकतो. दहा आठवड्यांत कादंबरी संपवू असं ठरवून माणूस येतो. पहिले दोन-तीन आठवडे ओळखी, बँक खातं, झोपेची घडी यात जातात. मध्ये दुसऱ्या शहरांच्या सहली, दुसऱ्या विद्यापीठांची निमंत्रणं. (तिथे मानधन घ्यायचं असेल तर आयोवा विद्यापीठाची लेखी परवानगी आधी हवी, जे-१ वर ती नसताना पैसे घेणं नियमाबाहेर.) शेवटचा आठवडा निरोपांचा. सलग असे पाच आठवडे मिळतात. नवं काही सुरू करण्यापेक्षा अर्धं लिहिलेलं पुढे नेणं किंवा जुनं भाषांतरित करणं त्यात बसतं.

मराठी लेखकाला आणखी एक फास असतो तो दिवाळी अंकांचा. हा मुक्काम बरोबर गणपती ते दिवाळीच्या आसपासचा. कबूल केलेल्या कथा जुलैत देऊन टाकाव्यात आणि मुद्रितशोधन दुसऱ्या कुणावर सोपवावं. आयोवा आपल्या साडेदहा तास मागे असतं. संपादकाचा सकाळी अकराचा ‘एकच पान राहिलंय’ हा फोन तिकडे रात्री साडेबाराला वाजतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग फरक साडेअकरा तासांचा.

परतीचे कागद कमी आहेत पण विसरण्यासारखे आहेत. डीएस-२०१९ वरची शेवटची तारीख उलटल्यावर तीस दिवस फिरता येतं, काम करता येत नाही. त्या तीस दिवसांत कॅनडा बघून परत अमेरिकेत शिरू असा बेत आखू नये, शिरू देत नाहीत. खर्चाच्या रकमेतून साधारण १४ टक्के कर कापला जाऊ शकतो. त्याची १०४२-एस नावाची पावती पुढच्या मार्चच्या मध्यापर्यंत येते, म्हणून भारतातला पत्ता आणि चालू राहणारा ईमेल देऊन यायचं. उत्पन्न असो नसो, तिथल्या करखात्याचा फॉर्म ८८४३ भरावा लागतो. जमलेली पुस्तकं बॅगेत मावत नाहीत. तिथल्या टपालाची ‘एम-बॅग’ नावाची सोय आहे: छापील मजकुराची गोणी, एका पत्त्यावर, ६६ पौंडांपर्यंत.

आणि निघण्याआधी, शक्यतो शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी, कार्यशाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याने केलेल्या भाषांतराची फाइल मागून घ्यायची. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीला मुलं पांगतात, नंतर पदवी घेऊन दुसऱ्या राज्यात जातात, विद्यापीठाचा ईमेल बंद होतो. फाइलच्या नावात मूळ कथेचं नाव, भाषांतरकाराचं नाव, तारीख. सोबत एक मेल: हे भाषांतर कुठल्या मासिकाला पाठवायचं झालं तर कोण पाठवणार, नावं कशी येणार, मानधन कसं वाटायचं. त्याच मेलला ‘मान्य’ असं उत्तर आलं की ते छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवायचं.